पवनारच्या बंगल्याचे धनी

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे पाचसहा मैलांवर धाम नदी लागते. तिच्या काठचे पवनार गाव फार जुने. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले. त्याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी येथे सापडलेली रामकथेची शिल्पे गावाच्या प्राचीन वैभवाची साक्ष देतात. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय राजे नव्हेत. याच नदीच्या पलीकडील टेकाडावर वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याने बंगला बांधला होता. शेठ जमनालाल बजाज हे त्याचे धनी. त्यांना 'स्वकष्टार्जित' म्हणावे किंवा नाही, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. म्हणूनच त्यांच्या चरित्राकडे त्या अंगाने पाहण्याचे योजिले आहे.

शंका निराधार नाही. जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, कनीराम व बिरदीबाई या सामान्य स्थितीतील दांपत्याच्या पोटी झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास वर्ध्याचे धनाढ्य शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते दत्तक गेले. बच्छराजांचा दत्तक पुत्र निवर्तला होता, तेव्हा हा मुलगा नातवाच्या नात्याने आला. कनीरामांनी मोबदला म्हणून पैसा घेतला नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष्य होते म्हणून एक विहीर तेवढी बांधून मागितली, असे चरित्रकार सांगतात. मुलाला लाभलेले शालेय शिक्षण जेमतेम चार वर्षांचे. म्हणजे घर आयते मिळाले, हे खरेच.

पण सतराव्या वर्षी जे घडले ते विसरून चालणार नाही. एका विवाहप्रसंगी अंगावर दागिने घालून जावे, असा आजोबांचा आग्रह होता. नातवाने नकार दिला. वृद्ध शेठजी रागाच्या भरात नको ते बोलून गेले. त्यावर जमनालालजींनी त्यांना पत्र लिहिले : आपल्या संपत्तीवर माझा हक्क नाही, मला त्यातील काही नको. पत्रात संताप नव्हता, शिवी नव्हती. होता तो केवळ हिशेब चुकता करण्याचा निर्धार. मुलगा घराबाहेर पडला. पुढे समेट झाला आणि 1907 साली बच्छराज वारले तेव्हा सारी पेढी या तरुणाच्या माथी आली. तरीही वारशाचे धन आपले नव्हे, आपण त्याचे राखणदार, ही भावना त्यांनी सोडली नाही. विश्वस्तवृत्तीचा सिद्धांत ऐकण्यासाठी ते गांधीजींकडे गेले खरे, पण ती वृत्ती त्यांच्या अंगी त्याआधीच बाणलेली होती, असे आमचे मत आहे. रोजच्या खर्चाच्या पैशांतून साठविलेले शंभर रुपये या मुलाने टिळकांच्या प्रेरणेने नागपुराहून निघणाऱ्या 'हिंदी केसरी'स दिले होते, हेही येथे स्मरणीय आहे.

व्यापार होता कापसाचा. नागपूरपर्यंत आगगाडी 1867 साली आली, वर्धा शहर त्याच सुमारास पालकवाडीच्या जागी वसले, आणि हिंगणघाट-पुलगावचा कापूस मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. रेच्यातून सरकी निराळी झाली की रुई प्रेसमध्ये दाबून गाठी बांधतात. त्या वेळी रुईवर पाणी शिंपडून वजन वाढविण्याची लबाडी सर्रास चाले. जमनालालजींनी आपल्या कारखान्यात ती बंद केली. प्रारंभी नुकसान सोसावे लागले असेल; परंतु मालाची पत बांधली गेली. व्यापारात पत वारशाने मिळत नाही. ती ज्याची त्याने रोज नव्याने मिळवावी लागते, आणि आमच्या मते वरील प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. पुढे 1931 साली गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना निघाला व उद्योगाचा विस्तार झाला.

1918 साली सरकारने दिलेली रायबहादुरकी त्यांनी असहकाराच्या चळवळीत परत केली. 1920 च्या नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. तेथेच त्यांनी गांधीजींकडे आपणास पाचवा पुत्र मानावे अशी मागणी केली. एकदा दत्तक गेलेल्या माणसाने दुसऱ्यांदा स्वखुशीने दत्तक जावे, यातील मर्म कोणीही जाणील. नागपूरचा झेंडा सत्याग्रह, तुरुंगवास, काँग्रेसचे खजिनदारपद या गोष्टी सर्वश्रुत आहेत. जुलै 1928 मध्ये त्यांनी घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांस खुले केले, तेव्हा सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. ज्ञातीत मान्यता असलेल्या गृहस्थाला ही गोष्ट किती जड जाते, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

कुटुंबवत्सल म्हणावे तर त्यांची वत्सलता निराळ्याच धाटणीची. पत्नी जानकीदेवी जावऱ्याच्या सुखवस्तू घरातून आलेल्या. त्यांनी पतीच्या सांगण्यावरून दागिने उतरविले, विलायती कपड्यांची होळी केली, पडदा टाकला. हे सारे त्यांना सहज साधले असेल असे मानणे अन्यायाचे होईल. पती ध्येयाच्या वाटेने भरभर जातो, घराला मात्र मागून धावावे लागते. कमलनयन व मदालसा ही मुले विनोबांच्या हाताखाली शिकली. थोरली कन्या कमला हिचा विवाह 1926 साली साबरमती आश्रमात गांधीजींच्या उपस्थितीत अगदी साधेपणाने झाला. लग्नात पैसा उधळणाऱ्या व्यापारी समाजात त्या एका विवाहाने जे काम केले, ते दहा ठरावांनी झाले नसते. मुलांच्या, पत्नीच्या प्रकृतीची व स्वभावाची बारीक चौकशी करणारी त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचली म्हणजे हा मनुष्य घराला विसरला होता असे कोणी म्हणणार नाही.

पवनारचा बंगला हे त्यांचे विश्रांतिस्थान. 1938 साली विनोबांची प्रकृती फार खालावली, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी त्यांनी हा बंगला पसंत केला. धामच्या पलीकडे म्हणून त्याचे नाव परंधाम पडले. खणण्याच्या श्रमाने विनोबांची प्रकृती सुधारली. त्या खोदकामात भरत-रामाच्या भेटीचे शिल्प मिळाले. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण याच गावी झाले. 1959 साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. धन्याने मात्र बंगल्याचा सोस कधीच सोडला होता. अखेरच्या दिवसांत ते गोसेवेस वाहून घेऊन गोपुरीच्या झोपडीत राहू लागले आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी वर्ध्यास मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे बावन्न.

जानकीदेवी त्यानंतर सदतीस वर्षे जगल्या. गोसेवेचे काम त्यांनी पुढे चालविले, विनोबांच्या भूदानात त्या सहभागी झाल्या, आणि गावोगावी हिंडून लोकांकडून विहिरींचे दान मागू लागल्या. त्या कार्याला कूपदान असे नाव होते.