दंतमंजन
दात घासून स्वच्छ व शुभ्र करण्याचे चूर्ण.

उगम : गोवरी, तूस किंवा बदामाची टरफले जाळून केलेली राखुंडी, मीठ आणि तुरटी ही पारंपरिक घरगुती मंजने. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळ येथे स्थापन केलेल्या विको कंपनीने वनस्पतिजन्य ‘वज्रदंती’ मंजन प्रचारात आणले.

वैशिष्ट्ये : घर्षणाने दंतवल्कावरील (दाताच्या बाह्य आवरणावरील) डाग निघतात, पण आतील दंतिनाचा पिवळेपणा जात नाही. त्यासाठी दंतवैद्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात (पहा : विरंजन). भरड मंजनाने दंतवल्क झिजते.

महत्त्व : मौखिक स्वच्छतेचे स्वस्त साधन. मात्र मंजन म्हणून वापरली जाणारी भाजलेल्या तंबाखूची मशेरी (पहा : तंबाखू) दात काळे करते व मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.