होडीतला रेडिओ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. पहाटे खोपटच्या एसटी स्टँडवर कोकणची गाडी लागली आणि त्या गाडीतून उतरून माझा भाचा थेट घरी आला. हातात एक कापडी पिशवी. चहा घेता घेता म्हणाला, "मामू, होडीला स्टिरिओ बसवायचाय. ठाण्यात चांगला मिळेल म्हणून आलो."

भाच्याचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून जवळ. होडी त्याच्या दादांची, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांची. ते तांडेल होते. त्यांच्या हयातीत ही होडी मासेमारीला जात असे. ते गेल्यावर भाच्याने तिला रंग दिला, बाकडी ठोकली, वर छत घातलं आणि पर्यटकांना सुवर्णदुर्गाची फेरी आणि डॉल्फिन दाखवायला सुरुवात केली. शेजारच्या होड्यांवर दणदणीत गाणी वाजत. लोक त्या होड्यांकडे वळत. तेव्हा त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. धंदा आहे, गिऱ्हाईक ज्याला भुलतं ते ठेवावंच लागतं.

पिशवीत होता दादांचा जुना ट्रान्झिस्टर. चामड्याचं कव्हर, त्याची शिवण उसवलेली, खाऱ्या हवेने एरियल गंजलेली. "हा देऊन काही पैसे सुटतील का बघू," भाचा म्हणाला. सुटले असते तर शंभर-दोनशे रुपये. मी तो विकू दिला नाही, माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिला. मग आम्ही दोघं स्टँडच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथल्या कारागिराने मोटारीत बसवायचा एक स्टिरिओ दाखवला. एफएम, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, निळे दिवे, चार स्पीकर. "गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, होडीचीही बारा व्होल्टची. चालेल की," तो म्हणाला. भाच्याने मान डोलावली. मीही डोलावली. पुढे जे झालं त्यात माझ्या त्या मानेचाही वाटा आहे, म्हणून हे सांगतो आहे.

पण ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ. समुद्रावरच्या माणसाला किनाऱ्याचा आवाज ऐकू येणं ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर किती मोल देऊन आली, हे ठाऊक असल्याशिवाय भाच्याच्या स्टिरिओचं महत्त्व कळायचं नाही.

पूर्वी आवाज नव्हताच, होती ती खूण. वादळाचा अंदाज असला की बंदरावर बावटा चढे. दिवसा खांबावर टोपल्यांसारखे आकार, रात्री दिवे. आजही कोकणात 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचे कान टवकारतात. पण बावटा दिसतो तो बंदरात असलेल्याला. जो दर्यावर गेला त्याच्यासाठी तो नाहीच.

१८८८ साली 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ही बोट. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ते इतकं नवल होतं की लोक तिला 'वीजळी'च म्हणत. ८ नोव्हेंबरला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ती गडप झाली. शेकडो माणसं गेली, बोटीचा पत्ताही लागला नाही. कच्छ-काठियावाडातल्या लोकांनी कप्तान हाजी कासमचं नाव गाण्यांत जपून ठेवलं. उजेडाची सगळी हौस त्या बोटीवर होती. हाक मारायची सोय मात्र नव्हती. ती तेव्हा जगात कुठल्याच बोटीवर नव्हती, बिनतारी संदेश अजून जन्माला यायचा होता.

तो जन्माला आला, बोटींवर चढला, आणि तरी काय झालं ते १४ एप्रिल १९१२ च्या रात्री दिसलं. 'टायटॅनिक'वर उत्तम यंत्र होतं. जवळच्या 'कॅलिफोर्नियन' बोटीने बर्फाचा इशारा देऊ केला, तर 'टायटॅनिक'च्या तारमास्तराने तिला गप्प बसायला सांगितलं. तो प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गुंतला होता. 'कॅलिफोर्नियन'चा तारमास्तर मग यंत्र बंद करून झोपला. सुमारे पंधराशे माणसं बुडाली. यंत्र होतं, पण ते हौसेच्या कामाला जुंपलेलं होतं. पुढे १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात बिनतारी यंत्रावर चोवीस तास कान ठेवण्याची अट आली.

आपल्याकडे १९२७ हे साल मोठं विलक्षण. २३ जुलैला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. शहरातली श्रीमंत मंडळी घरबसल्या गाणं ऐकू लागली. आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात सापडून बुडाल्या. एकीकडे हवेतून आवाज येऊ लागला होता. पण तो दिवाणखान्यात येत होता, दर्यावर नाही. त्या काळचा रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हची पेटी. तिला विजेचं कनेक्शन नाहीतर जड बॅटऱ्या लागत. ती गलबतावर कोण नेणार?

वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' रेवसला निघाली. गटारी अमावास्येचा सुमार, गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी बोट भरलेली. काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई काही मैलांवर होती, तरी दुपार उलटेपर्यंत तिला काही कळलं नाही. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं. पोहत जगलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा बातमी आली. रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक घरांत अजूनही 'रामदास'चं नाव काढलं की बोलणं थांबतं. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला.

आणि त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तीन शास्त्रज्ञांनी ट्रान्झिस्टर नावाची चिमुकली वस्तू तयार केली. १९५४ साली पहिला खिशात मावणारा रेडिओ तिकडे बाजारात आला. काही वर्षांत तो आपल्याकडे आला, आणि मग तो पडाव-मचव्यांवर चढला. टॉर्चचे सेल घातले की झालं. खरं सांगायचं तर तो चढला गाण्यांसाठीच. १९५२ च्या शेवटी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती, १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली. भाच्याचे दादा सांगत की बुधवारी रात्री आठला जाळं पाण्यात आणि खलाशी रेडिओभोवती. पण गाण्यांच्या मागोमाग, तिकीट न काढता, दुसरा प्रवासीही चढला: हवामानाचा इशारा. 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य कोकणातल्या किती माणसांना घरी परत घेऊन आलं असेल, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

हा इशारा येई मिडियम वेव्हवरून. या लहरींचा एक गुण असा की त्या जमिनीला धरून चालतात आणि खारं पाणी तर त्यांना फारच मानवतं. कोरड्या जमिनीपेक्षा समुद्रावरून त्या कितीतरी लांब जातात. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो साधारण नजरेच्या टप्प्याएवढाच चालतो. मध्ये डोंगर आला की संपला.

दादांना यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं, व्यवहार पक्का ठाऊक होता. मला त्यांनी एकदा होडीत बसवून दाखवलं. मुंबई केंद्र लावलं आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवू लागले. एका जागी आवाज अगदी बारीक झाला. "बघा, आता याचं टोक मुंबईकडे आहे," ते म्हणाले. ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी कांडी असते, तीच मिडियम वेव्हची एरियल. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो. टोकं दोन, पण किनारा कुठल्या बाजूला हे तांडेलाला माहीत असतंच. धुक्यात त्यांनी या युक्तीने होडी घरी आणली होती. आणि स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून ते खरखर ऐकत. कडकड वाढली की लांब कुठेतरी वीज चमकते आहे, जाळी ओढा. पन्नास मैलांवरची वीज डोळ्याला दिसायच्या आधी त्या डब्याला ऐकू येई.

तो डबा माझ्या कपाटात आणि नवा स्टिरिओ होडीवर, अशी ती दिवाळी उजाडली.

सुट्टीतला एक दिवस. भाच्याने बारा पर्यटक घेतले, त्यांत पाच मुलं. डॉल्फिन दिसले तसं इंजिन बंद केलं. गाणी चालू. दीड-दोन तास मजेत गेले. वारा उठला तेव्हा तो निघायला गेला, तर इंजिनाने नुसती कूस बदलल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. स्टिरिओने बॅटरी पिऊन टाकली होती. इंजिन उठवायला आणि गाणी वाजवायला बॅटरी एकच. त्या दिवशी सकाळी रेडिओवर इशारा झाला होता. बंदरावर बावटाही होता, पण हे निघाले होते वाळूवरून, तिथून बंदर दिसत नाही. नव्या स्टिरिओत मिडियम वेव्ह नव्हताच. चुलत भावाने मोबाइलवर निरोप पाठवला होता, तोही पोचला होता. पण फोन ब्लूटूथने गाणी पुरवत एका डब्यात पडला होता. मला पुढे हे कळलं तेव्हा 'टायटॅनिक'चा तो तारमास्तर आठवला.

नांगर टाकला, तो धरेना. होडी खडकांकडे सरकू लागली. मुलं रडायला लागली. अंधार पडता पडता परतणाऱ्या एका मासेमारी होडीने दोर टाकला आणि ओढत बंदरात आणलं. कोणाला काही झालं नाही. त्या रात्री भाच्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामू, दादांचा रेडिओ विकला तर नाही ना?"

मी तो घेऊन खोपटहून रात्रीची गाडी पकडली.

स्टिरिओ आम्ही काढून टाकला नाही. धंदा होता, आणि गाण्याने कुणाचं वाईट होत नाही. पण हर्णैच्या एका जाणत्या मेकॅनिकला बोलावलं आणि सगळं पुन्हा बसवलं. गाण्यांना वेगळी बॅटरी, इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनाला. साध्या तारा महिन्याभरातच हिरव्या पडल्या होत्या, त्या काढून कथील चढवलेल्या तांब्याच्या तारा घातल्या. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. कागदी पडद्याचे स्पीकर भिजून फाटले होते, तिथे प्लास्टिकच्या पडद्याचे आले. मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली, ती पाहून मला घाम फुटला. एक स्पीकर होकायंत्राला अगदी चिकटून लावलेला होता. स्पीकरच्या पाठीमागे मोठं लोहचुंबक असतं. स्पीकर हातभर दूर नेला तशी सुई आपोआप वळून दुसरीकडे स्थिरावली. इतके दिवस होडीला उत्तर दिशाच चुकीची ठाऊक होती.

आणि सुकाणूजवळच्या खिळ्याला दादांचा ट्रान्झिस्टर टांगला. सकाळी निघण्याआधी आधी तो, मग गाणी, असा नियम भाच्याने स्वतःच केला.

आता काळ आणखी पुढे गेला आहे. मासेमारी होड्यांवर व्हीएचएफ संच आले, त्यांच्या १६ नंबरच्या चॅनेलवर संकटाची हाक देता येते. इस्रोने बनवलेलं यंत्र बटण दाबताच उपग्रहामार्फत हाक पोचवतं. जगभर मिडियम वेव्हची केंद्रं बंद होत आहेत, आपल्याकडचीही काही झाली. म्हणजे उद्या त्या खिळ्यावरचा डबा मुका होईल, आणि त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी दुसरं काही टांगता येईल. माझं म्हणणं एवढंच की तो खिळा रिकामा राहू नये. जुन्या होडीला नवा साज चढवताना आपण काय बसवतो हे सगळे विचारतात, काय काढून ठेवतो हेही कुणीतरी विचारायला हवं. त्या सकाळी खोपटच्या गल्लीत ते मी विचारायला हवं होतं.

भाच्याची होडी अजून चालते. गेल्या खेपेला गेलो तेव्हा पर्यटकांतली एक छोटी मुलगी खिळ्याकडे बोट दाखवून विचारत होती, "काका, हा रेडिओ बंद पडलाय का? नुसतीच खरखर येतेय."

"बंद नाही गं," भाचा म्हणाला, "ऐकतोय तो."