मान, हात आणि अल-जहरावी

नमाज संपताना आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवून सलाम फेरायचा असतो. लहानपणापासून ही हालचाल इतक्या वेळा केली आहे, की तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात सिग्नलला माझी कार उभी असताना मागून एक टेम्पो येऊन आदळला. वेग फार नव्हता. बंपर चेपला, रक्ताचा थेंबही आला नाही. टेम्पोवाल्याने हात जोडले आणि मी अल्लाहचे आभार मानून घरी आलो. दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजला उजवीकडे सलाम फेरला, पण डावीकडे मान वळेचना. संध्याकाळपर्यंत डाव्या हाताच्या करंगळीत मुंग्या यायला लागल्या.

या दुखापतीला इंग्रजीत व्हिपलॅश म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. मागून धडक बसली की आसन आपल्या पाठीला पुढे ढकलतं, पण साडेचार-पाच किलोचं डोकं जागीच राहतं. मान आधी मागे आणि मग पुढे फेकली जाते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. हाड मोडत नाही, पण स्नायू आणि सांधे बांधून ठेवणारे तंतू ताणले जातात. म्हणूनच एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काही दिसत नाही आणि दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर हॅरोल्ड क्रो यांनी हा शब्द १९२८ साली वापरला. दुखणं मात्र त्याहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आगगाड्यांच्या अपघातांनंतर अशाच तक्रारींना 'रेल्वे स्पाइन' म्हणत. त्यावर जॉन एरिक एरिक्सन या सर्जनची व्याख्यानं १८६६ साली प्रसिद्ध झाली. दुखणं खरं की भरपाईसाठी केलेलं ढोंग, हा वाद तेव्हापासून कोर्टात चालत आला आहे.

माझं दुखणं खरं की खोटं, हे घरात कुणी विचारलं नाही. अम्मीने सरळ सांगितलं, "हजामचाचांकडे जा. एका झटक्यात मोकळी करतील." आमच्या गल्लीतले हे चाचा पन्नास वर्षं दुकान चालवतात. दाढी झाली की हनुवटी आणि टाळू धरून दोन्ही बाजूंना कडकन मान मोडून देतात. तो आवाज ऐकला की गिऱ्हाईक खुश होतं. अब्बांनी अम्मीला दुजोरा देत व्हॉट्सअॅपवरचा एक निरोप वाचून दाखवला. ज्याला अमेरिका आज कायरोप्रॅक्टिक म्हणते, ती विद्या मुसलमान हकिमांनी हजार वर्षांपूर्वीच शोधली होती, असा त्याचा मजकूर होता. मी उठून चाचांच्या दुकानापर्यंत गेलोही. दुकानात गर्दी होती म्हणून बाकावर बसलो आणि करंगळी चोळता चोळता मला गॅलन आठवला.

गॅलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. रोममध्ये त्याच्याकडे सीरियातून आलेला पॉसेनियस नावाचा एक विद्वान आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. इतर वैद्य बोटांनाच लेप लावत होते. गॅलनने त्याला आधी काय काय झालं होतं ते विचारलं. तेव्हा कळलं, की तो रथातून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. मानेच्या सातव्या मणक्याखालून निघणाऱ्या नसेला इजा झाली असावी, हे गॅलनने ओळखलं. तेच औषध त्याने बोटांऐवजी मणक्यावर लावलं आणि रोगी बरा झाला. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले. अरबी वैद्यक उभं राहिलं ते याच पायावर. त्यातून मला एवढंच आठवलं, की बोटात मुंग्या येत असतील तर प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असू शकतं. मी बाकावरून उठलो.

घरी येऊन अब्बांच्या निरोपाचाही शोध घेतला. त्यात अर्धं सत्य होतं. कॉर्डोबाजवळच्या मदीनत अज-जहरा या नगरीत ९३६ च्या सुमारास जन्मलेल्या अबुल कासिम अल-जहरावीने 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात हाडं बसवण्यावर एक पूर्ण विभाग आहे. पाठीचा मणका सरकला असेल तर रोग्याला पालथं झोपवावं, वर आणि खाली पट्टे बांधून दोन्ही दिशांना ताण द्यावा आणि मग हाताने किंवा फळीने दाब द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. बाराव्या शतकात जेरार्डने टोलेडोत हा भाग लॅटिनमध्ये नेला. १४६५ साली अमास्याच्या शरफुद्दीन साबुनजुओग्लूने त्याच आधारावर तुर्कीत सचित्र ग्रंथ लिहिला.

पण 'शोध' हा शब्द इथे बसत नाही. ताण देण्याची फळी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत आधीच होती आणि अल-जहरावीने सातव्या शतकातल्या पॉल या ग्रीक वैद्याकडूनही पुष्कळ घेतलं. अल-जहरावीचं मोठेपण मला वेगळ्याच दोन ठिकाणी दिसलं. हाडांच्या विभागाची सुरुवातच तो तक्रारीने करतो. जुन्यांचं एक अक्षर न वाचलेले लोक या विद्येची बढाई मारतात आणि म्हणूनच ती आपल्या मुलखातून नाहीशी झाली, असं त्याचं म्हणणं आहे. पुढे मणक्यांच्या प्रकरणात तो बजावतो, की पाठीचा किंवा मानेचा मणका पूर्ण निखळला असेल तर उपचार नाही, कारण मृत्यू लवकर गाठतो. कोणता रोगी वाचेल आणि कोणता नाही हे ओळखण्याच्या खुणा तो आधी देतो, पट्टे बांधायची कृती नंतर. ज्याच्या नावाने आपण मान मोडून घ्यायला निघालो होतो, तो हात लावण्याआधी तपासायला सांगत होता.

अमेरिकेतल्या गोष्टीची सुरुवात याच्या अगदी उलट आहे. १८९५ साली डेव्हनपोर्ट या गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. त्यांच्या इमारतीतल्या हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय सफाई कामगाराला नीट ऐकू येत नव्हतं. पामर यांनी त्याच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. तिथून कायरोप्रॅक्टिकचा जन्म झाला. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ 'हाताने केलेलं काम'. पामर पुढे म्हणू लागले, की शंभरातले पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. याला कोणताही आधार नव्हता. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल ते तुरुंगातही गेले. दुसरीकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाशी इतकं वैर धरलं, की १९८७ साली न्यायाधीश सुझन गेटझेंडनर यांनी तो बेकायदा कट ठरवला. म्हणजे दावे फुगवणारा एक पक्ष आणि दार बंद करणारा दुसरा. दुखणाऱ्या माणसाने जायचं कुठे?

मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नसा तपासल्या, एक्स-रे काढला आणि घाबरण्यासारखं नाही म्हणून सांगितलं. मग परदेशात शिकून आलेल्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी माझी मान मोडलीच नाही. अर्धा तास प्रश्न विचारले, रिपोर्ट पाहिले, पकड आणि बोटांची जाण तपासली. म्हणाले, "तुमच्या बोटात मुंग्या आहेत. मी आत्ता झटका देणार नाही." मानेला जोराचा झटका बसला तर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते आणि अर्धांगवायूपर्यंत पाळी येते, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर हलक्या हाताने सांधे हलवणं, खांद्यांचे व्यायाम आणि रोजची कामं चालू ठेवणं, असं चाललं. गळपट्टा लावून पडून राहू नका, हा सल्ला मला विचित्र वाटला होता. पण कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या तज्ज्ञगटाने १९९५ सालीच साध्या व्हिपलॅशसाठी विश्रांतीपेक्षा हालचालीवर भर दिला होता.

मुंग्या तीन आठवड्यांत गेल्या. मानेला तीन महिने लागले. त्यातलं किती त्यांच्या हाताने झालं, किती व्यायामाने आणि किती काळाने, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मला पामर आठवतील.

अब्बांना मी अल-जहरावीचा इशारा समजावून सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "निरोपात हे नव्हतं." वारशाचा अभिमान धरायला माझी हरकत नाही. पण त्या वारशात हाताचं कसब जेवढं आहे, तेवढंच हात कुठे आवरायचा याचं भानही आहे. दुसरं विसरलं, तर पहिलं धोक्याचं होतं. चाचांनाही मी हे सांगून पाहिलं. ते हसले. "पन्नास वर्षांत कुणाला काही झालं नाही," म्हणाले. आता ते माझे फक्त केस कापतात. बाकीच्यांच्या माना अजून मोडतात.

जाता जाता एक साधी गोष्ट. कारच्या आसनावर डोक्यामागे जी उशी असते, ती डोकं टेकायला नसते, धडकेत डोकं मागे जाऊ नये म्हणून असते. अमेरिकेत नव्या गाड्यांना ती १९६९ पासून सक्तीची आहे. माझ्या गाडीतली मी पार खाली दाबून ठेवली होती, मागचं नीट दिसावं म्हणून. आज गाडीत बसलात तर ती डोक्याच्या उंचीइतकी वर ओढा.

परवा फजरला डावीकडे सलाम फेरला. खांदा वळवावा लागला नाही. शेजारच्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसला.