पडीक कोणाच्या लेखी?

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नावाची एक नोंद असते. शेताच्या पोटातली, लागवडीला न येणारी जमीन. इंदापूर, माण, करमाळा या भागांतले गवताळ माळ सरकारी कागदांत असेच उतरले: खराबा, पडीक, ओसाड. इथे एकेकाळी दाट जंगल होतं, धनगरांच्या मेंढ्यांनी ते खाऊन टाकलं, असंही आपण सहज म्हणून जातो. त्याला पुरावा काय, असं मात्र कोणी विचारत नाही.

उलट पुरावा आपल्याच साहित्यात आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून 2025 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेल्या रानवनस्पतींत उघड्या, उन्हाच्या माळावर वाढणाऱ्या जातीच जास्त होत्या. पंढरपुरात कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेलं तरटीचं काटेरी झाड आठवून पाहा. म्हणजे हा माळ उजाड झालेलं जंगल नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, काळ्या खडकावरच्या हातभर मातीत निदान साडेसातशे वर्षं तो माळ म्हणूनच नांदतो आहे.

या माळावर मेंढरं होती, पण ती एका जागी थांबत नसत. पावसाळा पूर्वेकडच्या कोरड्या माळावर काढायचा, दिवाळीनंतर वाडे हलवायचे, पिकं निघालेल्या शेतांतून पश्चिमेकडे, कोकणापर्यंत उतरायचं आणि मृगाच्या आत परतायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेई. लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य मिळे. त्यामुळे माळाला महिनोन्महिने विसावा मिळत असे. बहुवर्षायू गवताचा कोंब बुडाशी असतो. वरचं पातं खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं, पण त्यासाठी मधे उसंत लागते. ती उसंत या फिरण्यातून मिळत होती.

हा काही स्वर्ग नव्हता. मराठेशाहीत घोड्यांसाठी आणि जनावरांसाठी राखीव सरकारी कुरणं होती, त्यांत परक्या जनावरांना मज्जाव असे. वनचराईचा करही होता. पण त्या व्यवस्थेत गवत हे पीक मानलं जात होतं आणि कुरण म्हणजे दौलत.

इंग्रजी अमलात हा हिशेब बदलला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36च्या सुमारास नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली, तीही नेमकी इंदापूर तालुक्यात. सारा हलका झाला, नांगर पडिकात शिरला. पुढे 1878चा वनकायदा आला आणि गावांची चराऊ रानं जंगलखात्याच्या हद्दीत जाऊ लागली. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (1883) जोतीराव फुले यांनी याच खात्यावर बोट ठेवलं: गायरानं जंगलात घातली, गरिबाच्या शेळीला उभं राहायला जागा उरली नाही.

एका बाजूने नांगर, दुसऱ्या बाजूने जंगलाची हद्द. कळप तेवढेच, पण त्यांच्या वाट्याचा माळ आक्रसला आणि अतिचराई खरोखरच सुरू झाली. आधी मारवेल, पवन्यासारखी गोड गवतं जातात. मग कुसळी उरते, जी फुलोऱ्यावर आली की टोचरी होते. शेवटी जनावर तोंड लावत नाही ती तरवड आणि रुई माजते. खुरांनी दबलेल्या उघड्या मातीत पाणी मुरत नाही, ते माती घेऊनच ओढ्याला जातं. जागा आखडल्याचा हा परिणाम, पण दोष मेंढीच्या माथी आला.

स्वातंत्र्यानंतरही कागदावरचा शब्द बदलला नाही. 1985 साली देशपातळीवर पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. पडीक जमीन सुधारायची म्हणजे तिथे झाडं लावायची, असं समीकरण झालं. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं होतं. पण त्या परिसरातल्या गवताळ रानांतही गिरिपुष्पासारखी परकी झाडं लावली गेली. माळढोकाला दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागते, झाडोरा वाढला की त्याची जागा जाते. आज तो तिथे क्वचितच दिसतो. धनगराच्या कळपामागून फिरणाऱ्या लांडग्याचाही माळ असाच घटतो आहे, कुठे झाडांखाली, कुठे उसाखाली.

चराई चांगली की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. किती जनावरं, किती दिवस आणि नंतर माळाला किती विसावा, हे विचारायला हवं. धनगरांच्या चालण्यात याचं उत्तर होतं. दिवाळीनंतर आजही वाडे निघतात. पण जुन्या वाटेवर कुठे कालवा आहे, कुठे कारखान्याचं कुंपण, कुठे रोपवनाची चारी. वाट अडली की कळप एकाच माळावर थांबतो, आणि त्या माळाला आपण पुन्हा पडीक म्हणतो.