साठीनंतरचा पट: ज्येष्ठांच्या जागतिक बुद्धिबळाचा इतिहास

१/
वर्ष १९८४, स्थळ विल्नियस. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणारी अंतिम लढत. एकीकडे विशीतला गॅरी कास्पारोव्ह, तर दुसरीकडे ६३ वर्षांचे व्हॅसिली स्मिस्लॉव्ह. स्मिस्लॉव्ह १९५७ साली जगज्जेते झाले, तेव्हा कास्पारोव्हचा जन्मही झाला नव्हता. कास्पारोव्ह ८.५–४.५ असा जिंकला; पण साठी उलटलेला खेळाडू तिथवर पोहोचला, याचेच जगाला नवल वाटले.

२/
अनुभव वयासोबत वाढतो, मात्र पाचव्या तासाला लागणारी एकाग्रता घटत जाते. नेमकी तिथेच एखादी चाल चुकते आणि हाती आलेला डाव निसटतो. समवयस्कांशी झुंज झाली, तर हा थकवा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. ज्येष्ठांच्या स्वतंत्र स्पर्धेमागील तर्क हाच.

३/
१९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या 'फिडे' या जागतिक महासंघाने १९९१ मध्ये जर्मनीतील बाड वोरिसहोफेन येथे पहिली ज्येष्ठ जागतिक स्पर्धा भरविली. वयोमर्यादा पुरुषांना ६०, स्त्रियांना ५०. स्मिस्लॉव्ह आणि एफिम गेलर यांचे गुण समान झाले. विजेतेपद सत्तरीच्या स्मिस्लॉव्ह यांना मिळाले. पुढच्याच वर्षी गेलर जिंकले. २०१४ पासून ५० आणि ६५ वर्षांवरील असे दोन गट झाले.

४/
ही स्पर्धा म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा नव्हे. लाटव्हियाचे यानिस क्लोव्हान्स आयुष्यभर बलाढ्य खेळाडू म्हणून ओळखले गेले, पण ग्रँडमास्टर किताब त्यांना हुलकावणी देत राहिला. १९९७ मध्ये ते ज्येष्ठ जगज्जेते झाले आणि त्या विजयाने साठीनंतर हा किताब त्यांच्या पदरात पडला. १९९९ आणि २००१ मध्येही तेच जिंकले. जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली यांनी १९९५ मध्ये स्त्रियांचे अजिंक्यपद मिळविले. व्हिक्टर कोर्चनॉय यांनी २००६ मध्ये वयाच्या ७५ व्या वर्षी बाजी मारली.

५/
आता महाराष्ट्राकडे पाहू. आपल्याकडे दीर्घकाळ देशी पद्धतीचा डाव रूढ होता: प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई, आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापले. अखिल भारतीय महासंघ १९५१ चा. १९५५ मध्ये एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले.

६/
या सनावळीचा अर्थ ध्यानात घ्यावा. १९९१ मध्ये साठी गाठलेल्या भारतीयाचा जन्म १९३१ च्या आसपासचा. त्याच्या तारुण्यात देशात ग्रँडमास्टर तर सोडाच, आंतरराष्ट्रीय मास्टरही नव्हता. मॅन्युएल आरन यांना तो पहिला किताब १९६१ मध्ये मिळाला. दार उघडले, पण त्यातून आत जाण्याची तयारी करण्याची संधी त्या पिढीला कधी लाभलीच नव्हती.

७/
पुढच्या पिढीने ती संधी झगडून मिळविली. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. वाद पेटला, अखेर 'फिडे'चे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय दिला. १९५९ मध्ये जन्मलेले प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. २०१४ मध्ये पन्नाशीवरील गट सुरू झाला, तेव्हा ठिपसे यांचे वय त्यात बसत होते.

८/
अहिल्यानगर जिल्ह्याचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्याचा जन्म १९९७ चा, म्हणजे तो ज्येष्ठांच्या गटास २०४७ मध्ये पात्र ठरेल. सप्रे यांच्या पिढीला जे तिशी-चाळिशीत गवसले नाही, ते या पिढीच्या हाती विशीच्या आतच आले आहे. पन्नाशीत त्याचे काय होते, हे मात्र मधली तीस वर्षे पट मांडलेला राहतो की नाही, यावर अवलंबून आहे.