हाड बसवणाऱ्याचं लायसन

हिर्डोशीपासून वरंध घाटापर्यंत कुणाची कंबर धरली की आजही पहिली शोधाशोध पायाळू माणसाची. त्याची लाथ बसली की उसण जाते म्हणे! पाय मुरगळला तर हाडवैद्य. यांना लायसन कुणी मागितलं नाही.

कायदा मात्र जुना आहे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 मध्ये आला, वैद्य-हकिमांसाठी 1938 मध्ये. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, तिथं इलाख्याचा कायदा आपोआप चालत नसे. 1948 ला संस्थान विलीन झालं. पुढे महाराष्ट्राचा 1961 चा कायदा आला. नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा ठरलं. फिजिओथेरपिस्टसाठी वेगळ्या परिषदेचा कायदा 2002 चा.

हाडवैद्य या सगळ्यात कुठंच बसला नाही.

अमेरिकेत उलट घडलं. 1895 मध्ये डी. डी. पामर यांनी मणके दाबून उपचार सुरू केले, त्याला कायरोप्रॅक्टिक नाव पडलं. विनापरवाना म्हणून कित्येक जण तुरुंगात गेले. 1913 ला कॅन्सस राज्यानं पहिला परवाना कायदा केला, शेवटचं लुइझियाना, 1974.

आता तेच कायरोप्रॅक्टिक रील्समधून आपल्याकडं आलंय. मान कडकन मोडतात, लोक टाळ्या वाजवतात. महाराष्ट्रात त्यांची परिषद नाही. मानेच्या झटक्यानं रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, क्वचित का होईना. मग तक्रार कुठं करायची?

म्हणून मान देण्याआधी एवढंच विचारा: नोंदणी क्रमांक काय, आणि कुठल्या परिषदेचा?