राणीच्या बागेतील वास्तू

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग म्हटली की वाघ-हत्तींचे स्मरण प्रथम होते. तेथे इतिहासाचीही वस्ती आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १८६२ साली ही बाग लोकांस खुली झाली आणि त्याच वर्षी तेथील वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला गेला. १८५७ च्या धामधुमीत टाउन बॅरक्समधील मूळ संग्रहाची पुष्कळ नासधूस झाली होती. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. बर्डवुड यांनी वर्गणी जमवून तो नव्याने उभा करण्याचे मनावर घेतले, आणि १८७२ साली संग्रहालय उघडले. १९७५ साली त्यास भाऊ दाजींचे नाव मिळाले, ते सर्वथा यथायोग्यच होय.

संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटास पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले, ते याच हत्तीवरून. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याच्या खटपटीत तो फुटला; पुढे त्याचे तुकडे या बागेत आणून १९१४ साली जोडण्यात आले. हत्ती वाचला खरा, परंतु बेटावरील आपल्या जागेस तो कायमचा मुकला.

संग्रहालयाचे भाग्य निराळे. इमारत जीर्ण झाली होती. २००३ साली महापालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी जीर्णोद्धाराचा करार केला, आणि २००८ साली तिची दारे पुन्हा उघडली. ती जागच्या जागी सावरली गेली, म्हणूनच आजही ती बागेची वाटते.

कोणी म्हणेल, इमारत नीट राखली म्हणजे झाले. भोवतालच्या जागेचे एवढे काय? आमच्या मते चूक येथेच होते. जुन्या वृक्षांची सावली, ससून घड्याळाचा मनोरा, फाटकातून शिरताच होणारे दर्शन, हे सारे मिळून ती वास्तू होते. २०१७ साली पेंग्विनांचे दालन उघडल्यापासून बागेत गर्दी लोटते, याचा आम्हांस विषाद नाही. मुलांनी तेथे जावेच. मात्र नव्या बांधकामाचा आराखडा हाती घेताना, त्यामुळे जुन्यातले काय झाकले जाईल, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. वास्तू मोडली तर तिचे तुकडे कदाचित जोडता येतील. तिचा परिसर एकदा गेला की तो कोणत्याही कारागिराच्या हाती परत येत नाही.